पाळक बदलले तरी मंडळी चालावी म्हणून: शिष्य आणि पुढारी घडवण्याची दोन वर्षांची वाट

पाळकसाहेबांची बदली झाली की बऱ्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तेच घडतं. दोन-तीन महिने उपासना कशीबशी रेटली जाते, तरुण संघ आपोआप बंद पडतो, आजाऱ्यांच्या भेटी थांबतात आणि चर्चच्या किल्ल्या कुणाकडे राहाव्यात यावर पंच कमिटीत वाद सुरू होतो. नवे पाळक येतात, सगळं पहिल्यापासून मांडतात आणि काही वर्षांनी त्यांचीही बदली होते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या रचनेत बदली होणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेवढ्या वर्षांत मंडळीतली चार माणसंसुद्धा वचन सांगायला, प्रार्थना चालवायला, एखाद्या घरातलं भांडण मिटवायला तयार होत नाहीत, हे मात्र खटकतं.

याची मुळं जुनी आहेत. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं 1831 साली सुरू झालं. 1876-78च्या मोठ्या दुष्काळानंतर त्या भागातल्या खेड्यापाड्यांत मंडळ्या झपाट्याने वाढल्या. गावातली शाळा मिशनची, शिक्षक मिशनचा आणि रविवारी उपासना घेणाराही बहुधा तोच शिक्षक. त्या माणसांनी कष्ट उपसले, कितीतरी घरांत पहिल्यांदा अक्षर नेलं. पण देवाचं काम म्हणजे पगारी माणसाचं काम, ही समजूतही त्याच काळात अंगात मुरली. मिशनचा पैसा आटला, समजूत मात्र राहिली.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना हे कधीच दिसलं होतं. 1917मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. मे 1919मध्ये ते गेले. त्यांच्या अभंगांनी पुढे शंभर वर्षं मंडळ्यांना गायला लावलं, पण दरबार त्यांच्यामागे त्या जोमाने चालला नाही. टिळकांसारख्या माणसाच्या कामाचं असं होऊ शकतं, तर तुमच्या-माझ्या तरुण संघाचं काय!

खाली मांडलेली पद्धत साठ-सत्तर ते दीडशे घरांच्या मंडळीसाठी आहे. पाळकांना ती वापरता येईल, आणि जिथे पाळक महिन्यातून एकदाच येतात अशा गावातल्या वडीलमंडळींनाही. तिला दोन वर्षं लागतात. तीन दिवसांच्या शिबिरात पुढारी तयार होतात यावर माझा विश्वास नाही. शिबिराने उत्साह येतो आणि तो साधारण पुढच्या पगारापर्यंत टिकतो.

आधी एक कागद घ्या

माणसं निवडण्याआधी कामं लिहून काढा. उपासना चालवणं, वचन सांगणं, पेटी-तबला, संडे स्कूल, महिला मंडळ, दवाखान्यातल्या भेटी, मयतीची धावपळ, अर्पण मोजणं, वीजबिल भरणं, कॅरलच्या फेऱ्यांचं नियोजन, चर्चची झाडलोट. प्रत्येक कामासमोर आज ते कोण करतं त्याचं नाव लिहा. त्याच्या पुढच्या रकान्यात, हा माणूस महिनाभर आजारी पडला तर कोण करेल, ते नाव लिहा.

दुसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा राहतो. पहिल्या रकान्यात तीच तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतात. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, नेमकं हेच दाखवतो: सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू एकटा बसतोस, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगतो. आपण त्या भागावर उपदेश करतो आणि दुसऱ्या दिवशी वीजबिल भरायला पाळकसाहेबच जातात.

हा कागद पंच कमिटीसमोर ठेवा, पण कुणाला दोष देऊ नका. ज्यांची नावं वारंवार येतात ती माणसं आधीच थकलेली असतात.

कुणाला घ्यायचं

उपासनेनंतर ‘ज्यांना शिकायचं आहे त्यांनी नावं द्यावीत’ अशी सूचना देऊ नका. नावं येतील, आणि बहुतेक त्यांचीच येतील ज्यांना माइक आवडतो. येशूने बारा जण स्वतः बोलावले, आणि मार्क 3:14 मध्ये त्याचा पहिला हेतू त्यांनी आपल्याबरोबर असावं हा आहे. घोषणा करायला पाठवणं त्यानंतर येतं. आपण हा क्रम उलटा करतो. आधी पद देतो आणि मग माणूस पदाला शोभेल अशी आशा धरून बसतो.

तीन किंवा चार जण घ्या. पाचाच्या वर गेलात की त्याचा वर्ग होतो, आणि वर्गात माणूस लपून राहू शकतो.

काय पाहायचं? छोटं काम सांगितल्यावर ते न विचारता पूर्ण होतं का. त्याच्या घरच्यांना तो कसा वाटतो. बायकोला, सासूला, भावाला. चूक दाखवली तर तो ऐकतो, की आठ दिवस चर्चला येत नाही. उपासना संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला कोण थांबतं, तेही पाहा. 1 तीमथ्य 3:6 मध्ये अध्यक्ष, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, नवशिका नसावा असं पौल बजावतो, कारण गर्वाने त्याचा घात होतो. काल बाप्तिस्मा झालेल्या आणि छान साक्ष देणाऱ्या तरुणाला आपण परवा व्यासपीठावर उभं करतो, ते याच्या अगदी विरुद्ध आहे. त्याला शिष्य म्हणून जरूर घ्या, खुर्ची मात्र थोडी थांबू द्या.

आता अवघड भाग. चौघे एकाच भावकीतले नसावेत. पूर्वाश्रमीच्या जातीवरून बाकांवर गट पडत असतील (पडतात, आपण उघड बोलत नाही एवढंच), तर निवड करताना ते गट मुद्दाम मोडा. शिकलेल्यालाच घ्यायचं हा हट्ट सोडा. वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईला अर्धा मार्क तोंडपाठ असतो आणि ग्रॅज्युएट पंचाला बायबलमध्ये आमोस सापडत नाही, असं कितीदा दिसतं.

आणि बाई घ्याच. ‘महिला मंडळ आहे ना त्यांच्यासाठी’ असं म्हणून विषय संपवू नका. इफिसात अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावणाऱ्या दोघांत प्रिस्किल्ला होती (प्रेषितांची कृत्ये 18:26). आपल्याकडे तर हे सांगायचीही गरज पडू नये. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं. 1922 साली त्या गेल्या आणि 1924मध्ये ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. त्याच्या छपाईच्या कामात मुक्तीतल्याच मुली आणि बायका होत्या. निराधार म्हणून आलेल्यांच्या हाती वचन छापण्याचं काम देणं, याला शिष्य घडवणं म्हणतात. वचन सांगत गावोगाव पायी फिरलेल्या बायबल-स्त्रियांची नावं तर आपण नीट लिहूनही ठेवली नाहीत.

निवड झाली की प्रत्येकाला घरी जाऊन विचारा. वेळ किती लागेल ते स्पष्ट सांगा: आठवड्यातली एक संध्याकाळ, महिन्यात एक-दोन भेटी, दोन वर्षं. घरच्यांसमोर विचारा म्हणजे पुढे ‘तुमचं चर्च एक आणि घर एक’ असं ऐकावं लागत नाही. नाही म्हणणाऱ्याचं नाही मान्य करा.

पहिलं वर्ष: एकत्र बसणं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कुणाच्या तरी घरी, दीड तास. चर्चमध्ये नको. चर्चमध्ये माणूस चर्चची भाषा बोलतो. घरी, चहाचा कप हातात असताना, खरं बोलतो.

वाचायला सुरुवात मार्कपासून करा. सोळा अध्याय, आठवड्याला एक. नंतर प्रेषितांची कृत्ये, अठ्ठावीस अध्याय. मिळून चव्वेचाळीस आठवडे होतात. उरलेले आठ नाताळ, पवित्र आठवडा, लग्नसराई आणि सुगीत जातातच, त्यामुळे वर्षाचं गणित बरोबर बसतं. घरातून कुणी ऊसतोडीला जाणार असेल तर तो निघायच्या आधी त्याच्याशी बसून वेगळं वेळापत्रक करा. त्याला फोनवर अध्याय ऐकता येईल आणि कोप्यांवर दोन घरं जमवून प्रार्थना घेता येईल. किंबहुना त्याचं प्रशिक्षण तिथेच जास्त चांगलं होतं, कारण तिथे तुम्ही नसता.

बैठकीत तुम्ही उपदेश करायचा नाही. पाळकांना हे सगळ्यात जड जातं. अध्याय एकाने मोठ्याने वाचावा. मग पुस्तक मिटून दुसऱ्याने तो आपल्या शब्दांत सांगावा, चुकलं तर बाकीच्यांनी भर घालावी. त्यानंतर चार प्रश्न पुरतात. यात येशू काय करतो? लोक त्याला कसा प्रतिसाद देतात? यातलं मला काय पटत नाही किंवा जड जातं? आणि या आठवड्यात मी नेमकं काय करणार?

शेवटच्या प्रश्नाला ‘प्रार्थनेत वाढेन’ असं उत्तर आलं तर स्वीकारू नका. ‘धाकट्या भावाशी बांधावरून दीड वर्ष बोलणं नाही, त्याच्या घरी जाईन’ हे उत्तर चालेल. पुढच्या आठवड्याची सुरुवात तिथूनच करा: गेलात का? काय झालं? नाही गेलं तर का? दरडावायचं नाही, पण विषय सोडायचाही नाही. मत्तय 28:20 मध्ये जे आज्ञापिलं ते पाळायला शिकवा असं सांगितलं आहे. माहिती देऊन थांबायची मुभा तिथे नाही.

ज्याला वाचन जमत नाही त्याला अडचण होऊ देऊ नका. आपल्या भाषेत कान तयार असतात. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात ओवीत छापलं गेलं, ते लोकांना ऐकून आणि गाऊन कळावं म्हणून. अध्याय ऐकवा, त्यातल्या प्रसंगावर एखादा अभंग किंवा भजन निवडायला सांगा, कीर्तनाचं अंग असेल तर त्यालाच कथा मांडू द्या. पेटीवर बसणारा माणूस वचन सांगू शकत नाही, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खऱ्या गोष्टी बाहेर येतात. कर्ज, दारू, घरातली मारहाण, मोबाइलवर काय पाहतो, मुलाचं लग्न मंडळीबाहेर ठरतंय. इथे तीन नियम आधीच ठरलेले असावेत. खोलीतलं खोलीत राहील. ते तुमच्या प्रवचनात ‘एका भावाचं उदाहरण’ म्हणूनही येणार नाही. मात्र कुणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल तर गुप्तता पाळली जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि जिथे डॉक्टरची, समुपदेशकाची, वकिलाची गरज आहे तिथे प्रार्थनेसोबत तिथेही न्या. व्यसनी माणसाच्या डोक्यावर फक्त हात ठेवून त्याला घरी पाठवणं ही जबाबदारी झटकण्याची रीत आहे.

तुम्हीही त्या गोलात बसलेले आहात. तुमचा भाऊ, तुमचा राग, तुमचा हप्ता यांविषयी तुम्ही काहीच बोलला नाहीत तर बाकीचेही आठवडाभर छान गेला असंच सांगत राहतील.

काम सोपवणं

सहाव्या महिन्यापासून काम हातात द्यायला लागा. क्रम साधा आहे: तुम्ही करता आणि तो पाहतो, दोघं मिळून करता, तो करतो आणि तुम्ही पाहता, मग तो करतो आणि सोबत तिसऱ्याला नेतो. आपण पहिल्या पायरीवरून थेट ‘येत्या रविवारी वचन तू सांग’ इथे उडी मारतो. मग त्याची फजिती होते आणि त्याच्या हातून पुन्हा काही मागायला आपण धजत नाही.

कुटुंब प्रार्थनेचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे माणूस तयार व्हायला यापेक्षा चांगली जागा नाही. वीस मिनिटं, दहा-बारा माणसं, सगळी ओळखीची. पहिल्या दोन घरी त्याला फक्त न्या आणि परतताना विचारा: घरात कोण गप्प होतं? मी कुणासाठी प्रार्थना करायला विसरलो? पुढच्या दोन घरी गीत आणि प्रार्थना त्याची, वचन तुमचं. नंतर सगळं त्याचं. तुम्ही सतरंजीवर मागे बसा आणि तोंड उघडू नका. घरच्या आजी म्हणतील, ‘साहेब, शेवटची प्रार्थना तुम्हीच करा.’ नम्रपणे नाही म्हणा. त्या एका वाक्याने सहा महिन्यांचं काम पुसलं जातं, कारण खरी प्रार्थना पाळकाचीच, हे पुन्हा एकदा सिद्ध होतं. पुढच्या वेळी तुम्ही जाऊच नका. लूक 10:1 मध्ये सत्तर जणांना दोघे दोघे करून पुढे पाठवलं आहे, तसे दोघांना पाठवा.

वचन सांगायला शिकवण्यासाठी गुड फ्रायडेचा उपयोग करून घ्या. बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण सांगतात, म्हणजे प्रत्येकाला एकच वाक्य आणि दहा-बारा मिनिटं. शिकणाऱ्याला याहून सोयीचं काय मिळणार! लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सुरुवातीलाच उद्गार वाटून द्या. दोन आठवड्यांनी त्याने एका कागदावर तीन गोष्टी आणाव्यात: हे वाक्य कुणी, कुणाला, कोणत्या क्षणी म्हटलं; ऐकणाऱ्याने घरी जाताना कोणती एक गोष्ट न्यावी; आणि आपल्या गावातला एखादा खरा प्रसंग. पवित्र आठवड्याआधी रिकाम्या चर्चमध्ये एकदा म्हणून घ्या, घड्याळ लावून. यूट्यूबवरचा कुणाचा तरी आवाज आणि हातवारे त्याच्यात उतरलेले दिसतील. ते हळूच काढा. सोलापूरचा माणूस सोलापूरसारखाच बोलला पाहिजे.

अभिप्राय त्याच दिवशी देऊ नका. उपासनेनंतर फक्त हात मिळवा. दोन-तीन दिवसांनी भेटा, आधी त्यालाच विचारा की काय जमलं आणि काय नाही. मग एक चांगली गोष्ट नेमकी सांगा आणि एकच सुधारणा सांगा. पाच सुधारणा सांगितल्या तर माणूस एकही करत नाही, आणि पुढच्या वेळी कणकण आल्याचा निरोप पाठवतो.

सगळ्यांना वचनाकडेच ढकलू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांकडे दुर्लक्ष झालं, कुरकुर झाली, आणि त्या जेवणाच्या पंक्तीसाठी सात माणसं निवडली गेली. अट काय? चांगली कीर्ती, आत्मा आणि ज्ञान यांनी पूर्ण. वाढप्यांसाठी ही अट! त्या सातांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलीच माणसं नेमली गेली असावीत. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला कमिटीतून काढतात.

पैसा आणि किल्ल्या

ज्याला पैशाचा हिशेब कधी दाखवला नाही तो पुढारी अर्धाच तयार झालेला असतो. दुसऱ्या वर्षात चौघांनाही आळीपाळीने अर्पण मोजायला बसवा. नेहमी दोघांनी मोजावं, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या. दोघांनी वहीत सही करावी. रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत. खजिनदार प्रामाणिक आहेच, पण उद्या कुणी बोट दाखवलं तर त्या दोन सह्याच त्याची बाजू घेतील. त्यांना वार्षिक जमाखर्च वाचायला शिकवा आणि सभेत प्रश्न विचारायला लावा.

मंडळीची स्वतःची नोंदलेली विश्वस्त संस्था असेल तर आणखी एक गोष्ट शिकवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कितीतरी ठिकाणी हयात नसलेले विश्वस्त नोंदवहीत वर्षानुवर्षं राहतात आणि जमिनीचा प्रश्न निघाला की मंडळी कोर्टात जाते. आत्मिक माणसाने असल्या गोष्टीत पडू नये, हे म्हणणं ऐकायला गोड असतं. पण तो पडला नाही तर तिथे दुसरं कुणीतरी पडतं.

मदतीचंही आत्ताच शिकवा. कुणाला धान्य, फी, औषध दिलं तर त्याची गाठ बाप्तिस्म्याशी किंवा उपासनेला येण्याशी कधीही घालायची नाही, शब्दानेही नाही. कायद्याची भीती म्हणून हे पाळायचं नाही. अट घालून दिलेली भाकर ही लाच ठरते, आणि अशा रीतीने आलेला माणूस शिष्य होत नाही.

मुलं आणि तरुण

संडे स्कूल आणि सुट्टीतली बायबल शाळा ही नव्या माणसाला जबाबदारी देण्याची नेहमीची जागा. द्या, पण नियमासकट. खोलीत मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. एकट्या मुलाला किंवा मुलीला गाडीवरून घरी सोडायचं नाही. रात्री उशिरा खासगी मेसेज नाहीत. लैंगिक छळाची शंका आली तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मंडळीत मिटवू’ हा पर्याय उपलब्धच नाही. पाळकांवर आरोप असला तरी हाच नियम. चौघांनाही हे तोंडपाठ असावं.

तरुणांविषयी एकच सांगतो: त्यांना कार्यक्रम देऊ नका, काम द्या. कॅरलला रात्रभर गाणारी पोरं मार्चमध्ये दिसत नाहीत, कारण डिसेंबरनंतर त्यांच्यावाचून कुणाचंही अडत नाही. एखाद्या म्हाताऱ्या बाईची औषधं दर महिन्याला आणून देणं हे काम एका पोराला द्या आणि दोन महिन्यांनी त्या बाईलाच विचारा की तो कसा आहे.

कुणी मोडलं तर

चौघांतला एक मध्येच सोडेल. हे गृहीत धरा. कुणी रागावून जाईल, कुणी दुसऱ्या फेलोशिपमध्ये जाईल, एखाद्याचं पाप उघडं पडेल.

पंफुल्यात साथ सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा न्यायचं की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकं वाजलं की ते वेगळे झाले. बर्णबाने मार्काला घेतलं. पुढे तुरुंगातून पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11). मधली वर्षं कुणीतरी मार्काजवळ बसलं होतं, ते विसरू नका. मंडळीत पौल पुष्कळ असतात. एखादा बर्णबा शोधून ठेवा आणि असं माणूस मोडलं की त्याला पाठवा.

मात्र सगळ्या चुका एका मापाने मोजू नका. उपदेशात गडबड झाली, सभेत तोंड सुटलं, काम राहून गेलं, तर हात धरून पुढे न्यायचं. पैशाची अफरातफर, बाईशी किंवा मुलाशी गैरवर्तन, घरात मारहाण असेल तर जबाबदारी लगेच काढून घ्यायची आणि कारण कमिटीसमोर नोंदवायचं. क्षमा मिळाली म्हणजे पद परत मिळालं असं होत नाही.

दुसरं वर्ष: त्यांची माणसं

2 तीमथ्य 2:2 नीट मोजा. पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती ज्यांना शिकवतील ते इतर. चार पिढ्या. तुमच्या चौघांनी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकी दोन-तीन जण घेऊन मार्क पुन्हा सुरू करायचा आहे. तुमची बैठक आता महिन्यातून दोनदा, आणि विषय त्यांच्या गटात काय चाललंय हा. त्यांच्या गटात तुम्ही जाऊ नका. त्यांनी निवडलेली माणसं तुम्हाला आवडणार नाहीत. चालायचंच.

दरम्यान पंचांची निवडणूक येते आणि गावच्या राजकारणाचे सगळे रंग चर्चच्या अंगणात उतरतात. तुमच्या चौघांचं पॅनेल होऊ देऊ नका. त्यांच्यापैकी कुणी उभं राहिलं नाही तरी बिघडत नाही, कारण त्यांचं काम पंचपदावर अवलंबून नाही. उलट जुन्या पंचांना पहिल्यापासून विश्वासात घ्या, त्यांच्यातल्या एकाला अधूनमधून बैठकीला बोलवा, मंडळी कशी उभी राहिली ते त्याच्या तोंडून ऐका. ज्याला मान मिळतो तो क्वचितच आडवा येतो.

पाळकांची बदली ठरली की शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी शक्य तितकं मागे बसावं. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा सोडून बाकीचं चौघांनी चालवावं. नवे पाळक आले की पहिल्याच आठवड्यात चौघांनी जाऊन त्यांना भेटावं, काय चालू आहे ते सांगावं आणि यात काय बदलावं असं विचारावं. ‘आधीचे साहेब असं करायचे’ हे वाक्य वर्षभर बंद. नव्या पाळकांनाही एक विनंती: तयार गट दिसला की तो आपल्याविरुद्धचा गट आहे असं धरून चालू नका.

शहरात जाणारे

एवढं करून तुमच्या चौघांतले दोघे नोकरीसाठी पुणे-मुंबईला जातील. गावातल्या मंडळ्यांचं हे दुखणं आहे आणि त्यावर रडण्यात अर्थ नाही. अपुल्लो इफिसाहून अखयाला निघाला तेव्हा तिथल्या बंधूंनी त्याला उत्तेजन दिलं आणि त्याचा स्वीकार करावा म्हणून तिकडच्या शिष्यांना पत्र लिहिलं (प्रेषितांची कृत्ये 18:27). रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला फिबीची अशीच शिफारस आहे.

आपण फक्त सभासदत्वाचा दाखला देतो, तोही लग्नाच्या वेळी मागितला तर. त्याऐवजी एका पानाचं पत्र द्या. हा माणूस काय करू शकतो ते त्यात नेमकं लिहा: कुटुंब प्रार्थना स्वतंत्र घेतो, संडे स्कूलमध्ये सातवी-आठवीची मुलं सांभाळली आहेत, अर्पण मोजण्याची शिस्त ठाऊक आहे, पेटी वाजवतो. कुठे अजून कच्चा आहे तेही त्याला दाखवून लिहा. तो राहायला जाईल त्या भागातल्या मराठी मंडळीच्या पाळकांना ते पत्र पोहोचवा आणि महिन्याने फोन करून विचारा की त्याला काय काम दिलं. ‘येतात हो, मागच्या बाकावर बसतात’ असं उत्तर आलं तर आणखी एक फोन करा, यावेळी त्याला.